उडालेली झिलई आणि १९१७चे लुगर

माझ्यासमोरच्या टेबलावर, बनातीच्या तुकड्यावर, एक लुगर, म्हणजे जुने जर्मन लष्करी पिस्तूल, ठेवलेले आहे. गोळी बसते त्या चेंबरच्या माथ्यावर १९१७ हे साल ठोकलेले आहे आणि टॉगलच्या, म्हणजे वरच्या गुडघ्यासारख्या दुमडणाऱ्या सांध्याच्या, पुढच्या दुव्यावर डीडब्ल्यूएम या कारखान्याची एकमेकांत गुंफलेली अक्षरे आहेत. मुठीच्या पुढच्या पट्टीवरची निळसर काळी झिलई पूर्णपणे गेली असून तेथे पोलाद तपकिरी दिसते. नळीच्या तोंडाशी आणि डावीकडच्या कंगोऱ्यांवर ती घासून पांढरट झाली आहे, कारण होल्स्टरचे कातडे नेमके याच जागांना लागत असे. बाकीच्या सपाट भागांवर झिलई अजून टिकून आहे. चापाच्या वरच्या बाजूस असलेल्या लहान पट्टीवर, म्हणजे ‘बाजूच्या पट्टी’वर मात्र अलीकडे नारिंगी गंजाचा एक डाग दिसू लागला आहे, आणि या लेखाला निमित्त तोच डाग आहे.

हे पिस्तूल मामांच्या संग्रहातले. त्यांच्या पश्चात परवान्याचे सर्व सोपस्कार पूर्ण करून ते माझ्याकडे आले. धाकट्या भावाने ते पाहिले आणि सरळ विचारले, “दादा, मामांनी जन्मभर जपलेली वस्तू अशी कळकट का ठेवायची? एखाद्या चांगल्या कारागिराकडून झिलई करून घे, अगदी नव्यासारखी दिसेल.” त्याच्या बोलण्यामागे मामांविषयीचे प्रेमच होते. जुने लष्करी पिस्तूल प्रथमच हाती येणाऱ्या बहुतेकांच्या मनात हाच विचार येतो. माझ्याही मनात तो एकदा आला होता आणि मी तो अमलातही आणला होता. म्हणूनच त्याला नुसते ‘नको’ म्हणून गप्प बसण्यापेक्षा माझी कारणे नीट मांडावीत असे मला वाटले.

माझ्या हातून जे पिस्तूल बिघडले ते कोल्टचे एम १९११, म्हणजे अमेरिकन लष्करी पिस्तूल होते, १९१८ साली बनलेले. त्या वर्षी पहिल्या महायुद्धाची मागणी भागवण्यासाठी कारखान्याने पृष्ठभाग घोटण्याच्या कामात काटछाट केली, आणि आधीच्या वर्षांतल्या निळ्या झिलईऐवजी ही पिस्तुले मंद काळ्या रंगात बाहेर पडली. संग्राहक त्यांना ‘ब्लॅक आर्मी’ म्हणतात. खालचा पृष्ठभाग नीट तयार केलेला नसल्यामुळे या काळ्या थराची पकड कच्ची राहते, त्याचे पापुद्रे निघतात आणि करडे पोलाद उघडे पडते. माझ्या पिस्तुलाची हीच अवस्था होती. मला तो दोष वाटला. वास्तविक ते पिस्तूल १९१८चे असल्याची ती सर्वांत ठळक खूण होती. मी ते एका कारागिराकडे दिले. तीन आठवड्यांनी ते परत आले तेव्हा आरशासारखे चमकत होते आणि पहिल्या दिवशी मला मनापासून आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी मी भिंग घेऊन बसलो. स्लाइडवर, म्हणजे पिस्तुलाच्या मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागावर, पेटंटच्या तारखांच्या ज्या ओळी असतात त्यांतल्या काही आकड्यांची पोटे बुजली होती. स्लाइडची सपाट बाजू जिथे संपते आणि वरची गोलाई जिथे सुरू होते तिथली सरळ रेघ लाटेसारखी वरखाली झाली होती. पिनांच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट झाल्या होत्या, कारण बफचे, म्हणजे चकाकी आणण्याचे, मऊ चाक भोकावरून जाताना कडेशी आत दबते आणि तिथले पोलाद आजूबाजूपेक्षा जास्त खाते. तपासनिसाच्या शिक्क्याची एक बाजू उरली होती, दुसरी गेली होती. दोन लहान भाग काळे होण्याऐवजी जांभळट झाले होते. काही पोलादांची घडण आणि कठिणता अशी असते की गरम क्षारांच्या रसायनात ती निळी न होता जांभळाची छटा घेतात. त्या कारागिराने मला फसवले नव्हते. मी जे मागितले होते ते त्याने दिले होते. चूक होती ती माझ्या मागण्यात, आणि ती दुरुस्त करण्याचा कोणताही मार्ग नाही, कारण बफच्या चाकाने उडालेला पोलादाचा कण परत बसवता येत नाही.

नवी झिलई करणे म्हणजे जुन्या पृष्ठभागावर रंगाचा एक हात देणे, असा समज सर्वत्र आहे आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. भिंतीला रंग देताना भिंत कमी होत नाही. पिस्तुलाच्या बाबतीत मात्र उलट घडते. ज्याला आपण ब्लूइंग म्हणतो तो मुळात रंग नव्हेच. पोलादाच्याच सर्वांत वरच्या पातळ थराचे काळ्या लोहऑक्साइडात, म्हणजे मॅग्नेटाइटमध्ये, झालेले ते रूपांतर आहे. खालचा पृष्ठभाग जसा असेल तसाच तो वर दिसतो: खालचे पोलाद गुळगुळीत असेल तर वरची झिलई चमकते, खाली खड्डे असतील तर तेच खड्डे काळे होऊन समोर येतात. त्यामुळे गंजाने पडलेले खड्डे लपवायचे असतील तर भोवतालचे सगळे पोलाद खड्ड्याच्या तळापर्यंत उतरवण्यावाचून गत्यंतर नसते. आधी आम्लाने जुनी झिलई काढतात, मग कानस आणि पॉलिश पेपर चालवतात, मग बफ, आणि या सगळ्यानंतर रसायनाची पाळी येते. ठोकलेल्या अक्षरांची आणि शिक्क्यांची खोली मुळातच अगदी थोडी असते. खड्डा त्या अक्षराइतकाच खोल असेल तर खड्ड्याबरोबर अक्षरही जाते, आणि अक्षर गेले की पिस्तुलाची कागदपत्रेच फाडून टाकल्यासारखे होते.

लुगरच्या बाबतीत ही कागदपत्रे किती दाट असतात हे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. फ्रेमवर, म्हणजे पिस्तुलाच्या सांगाड्यावर, पूर्ण क्रमांक आणि त्याच्या खाली एक लहान अक्षर असते. चाप, सेफ्टी (गोळी चुकून सुटू नये म्हणूनची कळ), टॉगलचे दुवे, बाजूची पट्टी अशा सुट्या भागांवर त्याच क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे असतात. इतकेच नव्हे, मुठीच्या लाकडी फळ्या उतरवल्या तर त्यांच्या आतल्या बाजूलाही ते ठोकलेले सापडतात. उजव्या बाजूला मुकुटाखालची अक्षरे असलेले, लष्कराच्या स्वीकृतीचे शिक्के असतात. काही पिस्तुलांच्या चेंबरवर युद्धातल्या सालाबरोबर १९२० हा आकडाही दिसतो. पराभवानंतर जर्मनीत जी शस्त्रे सरकारी मालकीची म्हणून ठेवण्यात आली त्यांच्यावर ही दुसरी खूण ठोकली गेली, आणि त्यामुळे एकाच पिस्तुलावर दोन राजवटींच्या नोंदी आढळतात.

या शिक्क्यांभोवती एक गोष्ट पाहण्यासारखी असते. तयार झिलईवर शिक्का ठोकला की दाबामुळे अक्षराच्या कडेचे पोलाद किंचित वर उचलले जाते आणि त्यावरची झिलई तुटते. त्यामुळे अक्षराभोवती फिकट पांढरट वलय उमटते. तिरप्या प्रकाशात, दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली, मामांच्या लुगरच्या एका शिक्क्याभोवती हे वलय आजही दिसते, आणि अक्षराच्या तळाशी उघडे पोलाद लुकलुकते. पिस्तूल झिलईसह तयार झाले होते आणि त्यानंतर कोणीतरी हातोडीचा एक घाव घालून ते मान्य केले होते, याचा एवढा थेट पुरावा दुसरा नाही. नव्या झिलईत हे वलय काळे होऊन जाते. खोटे लुगर ओळखताना जाणकार पहिल्यांदा येथेच पाहतात. एकदा वलय गेले की खरे पिस्तूलसुद्धा खोट्याच्या रांगेत जाऊन उभे राहते, आणि आपले पिस्तूल खरे आहे हे सिद्ध करण्याचे साधन मालकाने स्वतःच्या हाताने गमावलेले असते.

रंगांचेही तसेच आहे. १९१७ साली लुगरची मोठी अंगे गंज-पद्धतीने निळी केली जात: पोलादावर सौम्य आम्लयुक्त द्रावण लावायचे, दमट हवेत त्याला मुद्दाम बारीक गंज चढू द्यायचा, मग ते उकळत्या पाण्यात बुडवायचे म्हणजे लाल गंजाचा काळा होतो, मग मऊ तारेच्या ब्रशाने सुटी पूड झाडायची, आणि हा क्रम हवी ती खोली येईपर्यंत पुन्हा पुन्हा करायचा. चाप, सेफ्टीची दांडी, मॅगझिनची (गोळ्यांच्या पेटीची) कळ यांसारखे लहान भाग मात्र निळे केले जात नसत. ते तापवून गवती पिवळ्या रंगावर आणले जात. पोलाद साधारण २३० अंश सेल्सिअसच्या आसपास तापले की त्यावर आपोआप ही छटा येते. पुढे लुगर बनवू लागलेल्या माउझर कारखान्याने १९३७च्या सुमारास गरम क्षारांची जलद पद्धत स्वीकारली आणि मग लहान भागही मोठ्या भागांसारखेच निळे होऊ लागले. म्हणजे १९१७च्या लुगरचा चाप काळा असेल तर तो चुकीचा, आणि १९४०च्या लुगरचा चाप पिवळा असेल तर तोही चुकीचा. ज्या कारागिराला हा फरक ठाऊक नाही तो सगळे भाग एकाच पात्रात बुडवतो. ते पात्रही निरुपद्रवी नसते. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचे हे दाट द्रावण १४० अंशांच्या आसपास उकळते. त्यात अॅल्युमिनियम विरघळते. १९३०च्या दशकातल्या लुगर मॅगझिनांना अॅल्युमिनियमचे तळ असतात, आणि असे मॅगझिन निष्काळजीपणे त्या पात्रात गेले तर तळ उरत नाही.

लष्करी पिस्तूल आणि शौकासाठी घडवलेले पिस्तूल यांत एक मूलभूत भेद आहे, आणि नव्या झिलईचा मोह धरणारे तो नेमका विसरतात. लष्करी पिस्तूल सुंदर दिसावे म्हणून बनलेलेच नसते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळातले वॉल्थर पी ३८ हातात घ्या. त्यातही ‘सीवायक्यू’ ही कारखान्याची खूण असलेले घ्या. स्लाइडवर कापणीच्या यंत्राचे ओरखडे उघड दिसतात, बोट फिरवले तर जाणवतात. घोटायला वेळ नव्हता, माणसे नव्हती, आणि ते पिस्तूल तसेच रवाना झाले. १९४४चे जर्मनी कोणत्या स्थितीत होते हे सांगणारी ती ओळ आहे. ती घासून गुळगुळीत करणारा माणूस पिस्तूल सुधारत नाही, त्यावर लिहिलेले खोडतो. माझ्या ब्लॅक आर्मी कोल्टवर मी हेच केले.

येथे कोणी विचारील की मग झिलई उडालेल्या पिस्तुलाला किंमत तरी काय उरते. अमेरिकेतल्या नॅशनल रायफल असोसिएशनने जुन्या शस्त्रांची स्थिती ठरवण्यासाठी जे निकष घालून दिले आहेत ते या बाबतीत डोळे उघडणारे आहेत. मूळ झिलई ८० टक्क्यांहून अधिक असेल तर शस्त्र ‘उत्कृष्ट’, ३० टक्क्यांहून अधिक असेल तर ‘उत्तम’, हे अपेक्षेप्रमाणेच आहे. पण त्याखालची जी ‘फार चांगले’ ही पायरी आहे तिच्यात मूळ झिलई ३० टक्क्यांपासून थेट शून्यापर्यंत चालते. अटी दुसऱ्याच आहेत: भाग सगळे मूळचे असावेत, पृष्ठभाग गुळगुळीत असावा, कंगोरे तीक्ष्ण असावेत, अक्षरे आणि आकडे स्पष्ट असावेत. म्हणजे झिलईचा कणही न उरलेले, अंगभर तपकिरी पडलेले पिस्तूल मानाची जागा मिळवू शकते, आणि कडा गोल झालेले, अक्षरे पुसट झालेले चकचकीत पिस्तूल मिळवू शकत नाही. नवी झिलई करताना आपण जे गेलेच आहे ते मिळवायला जातो आणि जे अजून आहे ते घालवून बसतो.

मूळ झिलई म्हणजे केवळ कारखान्यातून निघतानाची झिलई, असे मात्र मी मानत नाही. या मुद्द्यावर काही संग्राहकांशी माझा स्पष्ट मतभेद आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन शस्त्रागारांनी १९११ जातीची असंख्य पिस्तुले सुटी करून, तपासून, कोणत्याही पिस्तुलाचे भाग कोणत्याही पिस्तुलात घालून, वर करड्या फॉस्फेटचा, म्हणजे पार्करायझिंगचा थर देऊन पुन्हा उभी केली आणि त्यांवर ऑगस्टा किंवा रॉक आयलंड शस्त्रागाराची आद्याक्षरे ठोकली. ब्रिटिशांनी आपल्या कित्येक शस्त्रांवर काळा ‘सनकोराइट’ रंग चढवला. सोव्हिएत शस्त्रागारांनी जिंकून आणलेली लुगर आणि पी ३८ गरम क्षारांत काळी केली आणि न जुळणाऱ्या भागांवर विजेच्या लेखणीने नवे क्रमांक घातले. हे सगळे सैन्यानेच, सैन्याच्या गरजेसाठी केलेले काम आहे. त्या पिस्तुलाच्या सेवेतला तो एक टप्पा आहे. ब्रिटिश रंग खरवडून ‘खालचे खरे’ बाहेर काढणारा, किंवा रशियन लुगरचे नवे क्रमांक घासून ‘जुळवून’ टाकणारा माणूस एका इतिहासासाठी दुसरा इतिहास मारतो, आणि बहुधा पहिलाही त्याच्या हाती लागत नाही. क्रमांकांना हात लावणे हा अनेक देशांत गुन्हाही आहे, हे येथे सांगून ठेवतो. बफच्या चाकाखाली तो नकळतही घडू शकतो.

तरीही नवी झिलई कधीच करू नये, असे मी म्हणणार नाही. ज्या पिस्तुलावर मूळचे काहीच उरलेले नाही त्याच्यापाशी गमावण्यासारखेही काही नसते. कोणा सैनिकाने मायदेशी परतल्यावर आठवण म्हणून निकेलचा मुलामा चढवून घेतलेले लुगर असते. मुलामा देण्यापूर्वी ते घोटले गेलेलेच असते आणि आता तो मुलामाही फुगून सुटू लागलेला असतो. माझ्या कोल्टसारखे आधीच बिघडवलेले पिस्तूल असते. ओल्या तळघरात पडून सगळ्या अंगावर खोल खड्डे पडलेले पिस्तूल असते, ज्याचे शिक्के आधीच गंजाने खाल्लेले असतात. अशांच्या बाबतीत मूळ पद्धतीचा अभ्यास केलेल्या, हाताने, सपाट ठोकळ्यावर पेपर ताणून घासणाऱ्या, अक्षरांना न शिवणाऱ्या आणि १९१७च्या पिस्तुलाला १९१७चीच गंज-पद्धत वापरणाऱ्या माणसाकडून काम करून घेणे योग्य ठरू शकते. असे काम वेळखाऊ असते, महाग असते आणि फार थोड्यांना जमते. ते झाल्यावर ‘जीर्णोद्धार केलेले’ अशी नोंद त्या पिस्तुलाबरोबर कायम राहिली पाहिजे, विकताना तर राहिलीच पाहिजे. पहिल्या मालकाने प्रामाणिकपणे करून घेतलेले काम तिसऱ्या मालकापर्यंत ‘मूळ, न हाताळलेले’ म्हणून पोहोचते, आणि मधल्या कोणालाच आपण खोटे बोललो असे वाटत नाही. यावर उपाय एकच, तो म्हणजे लेखी नोंद.

आठवण म्हणून चढवलेल्या निकेलबद्दलही मला एक सांगायचे आहे. तो मुलामा कोणी, कधी, कशासाठी दिला हे घरात माहीत असेल, तर तो काढण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. संग्राहकाच्या दृष्टीने तो डाग असला तरी त्या कुटुंबाच्या दृष्टीने ते पिस्तूल तेव्हापासूनच चांदीसारखे आहे. असे निकेल ठेवायचे ठरवले तर अमोनिया असलेले नळी साफ करण्याचे द्रावण त्याला लागू देऊ नये, कारण निकेलखाली बऱ्याचदा तांब्याचा थर असतो आणि जिथे चीर पडली असेल तिथून अमोनिया आत शिरून त्या तांब्याला खातो.

बाटलीतल्या ‘थंड’ ब्लूइंगविषयी थोडक्यात सांगतो. सेलेनियस आम्ल आणि तांब्याचे क्षार असलेले हे द्रावण उडालेल्या जागी लावले की क्षणात काळे होते, आणि म्हणूनच ते घातक आहे. हा रंग आजूबाजूच्या जुन्या झिलईशी जुळत नाही, त्याला एक वेगळाच वास येतो, तो लवकर घासून जातो, आणि तो लावलेला दिसला की पाहणाऱ्याचा उरलेल्या खऱ्या झिलईवरचाही विश्वास उडतो. मुठीच्या पट्टीवर जिथे हातांनी झिलई नेली आहे ती जागा उघडी राहू द्यावी.

झिलई नसेल तर पिस्तूल गंजून जाईल, ही भावाची खरी काळजी होती. तिचे उत्तर असे आहे की झिलई स्वतः गंजापासून फारसे रक्षण करीत नाही. ती तेल धरून ठेवते आणि रक्षण तेल करते. शिवाय तपकिरी पडलेले प्रत्येक पोलाद आजारी असते असेही नाही. मुठीच्या पट्टीवरचा तपकिरी थर घट्ट आहे, गुळगुळीत आहे, पांढऱ्या कापडाने चोळला तर कापडावर काही उतरत नाही. तो पॅटिना आहे, आणि तो स्थिर आहे. बाजूच्या पट्टीवरचा नारिंगी डाग मात्र कापडावर उतरला. तो जिवंत गंज आहे. सच्छिद्र असल्यामुळे तो हवेतली ओल धरून ठेवतो आणि खाली खणत जातो. याच्यावर उपाय केलाच पाहिजे, पण उपाय त्या डागापुरता असावा.

मी पुढीलप्रमाणे केले. पिस्तूल रिकामे आहे याची खात्री करून, मॅगझिन काढून, चेंबर डोळ्यांनी पाहून आणि बोटाने चाचपून, मग मी ते उघडले. बाजूची पट्टी सुटी केली. तिच्यावरचे तेल अॅसिटोनने पूर्ण काढले आणि त्यानंतर तिला उघड्या हाताने स्पर्श केला नाही. स्वच्छ भांड्यात डिस्टिल्ड पाणी उकळत ठेवले. साध्या नळाच्या पाण्यातले क्षार पोलादावर डाग पाडतात म्हणून ते वापरू नये. पट्टी बारीक तारेला टांगून अर्धा तास त्या उकळत्या पाण्यात ठेवली. हे तेच तत्त्व आहे ज्यावर १९१७ साली त्या पट्टीची झिलई बनली होती: उकळत्या पाण्यात लाल गंजाचे काळ्या ऑक्साइडात रूपांतर होते. जुन्या झिलईला त्याने बाधा येत नाही, कारण ती मुळात तशीच घडलेली असते, आणि खड्ड्यात दडलेले घामाचे क्षारही पाण्यात उतरतात. बाहेर काढली तेव्हा नारिंगी डागाच्या जागी मखमलीसारखी काळी पूड होती. तेल काढलेल्या, सर्वांत बारीक प्रतीच्या स्टील वूलने ती अगदी हलक्या हाताने, कोणताही जोर न देता झाडली. पुन्हा उकळले, पुन्हा झाडले. नंतर पातळ खनिज तेलाचा हात दिला, दोन दिवसांनी ते पुसले आणि ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत विकसित झालेले ‘रेनेसाँ’ मेण बोटाच्या टोकाएवढे घेऊन पातळ पसरले. मेणाचा फायदा असा की ते हवे तेव्हा काढता येते, आणि जे काढता येत नाही ते लावू नये ही संग्रहालयांची पद्धत आपल्यालाही पाळता येण्यासारखी आहे.

मुठीच्या लाकडी फळ्यांना मी काही केले नाही. किंचित ओल्या कापडाने मळ पुसला आणि वाळल्यावर तेच मेण लावले. सेफ्टीच्या दांडीजवळ डाव्या फळीचा एक टवका उडालेला आहे. तो भरला नाही. होल्स्टर पिस्तुलासोबतच आले होते, पण आता ते वेगळ्या पेटीत आहे. कातडे कमावताना वापरलेली आम्ले त्यात वर्षानुवर्षे राहतात, ते ओलही शोषते, आणि होल्स्टरमध्ये घालून ठेवलेले पिस्तूल हळूहळू गंजते. झिलईचा सर्वांत जास्त नाश ज्या चुकीने होतो ती हीच असावी असे मला वाटते, आणि ती करणारी बहुतेक माणसे पिस्तुलावर जीव असणारीच असतात.

उकळून काढलेल्या पट्टीबद्दल एक गोष्ट राहिली. पूड झाडल्यावर मी ती भिंगाखाली धरली तेव्हा त्या डागात समांतर, वळत जाणाऱ्या बारीक रेषा दिसल्या. तो डाग म्हणजे अंगठ्याचा ठसा होता. आधी मला वाटले की तो कोणा सैनिकाचा असेल, किंवा मामांचा. पण मामांच्या वहीत शेवटच्या साफसफाईची नोंद होती आणि तिच्यात त्या पट्टीवर कोणताही डाग असल्याचे लिहिलेले नव्हते, आणि डाग दिसला तो पिस्तूल माझ्याकडे आल्यानंतर. मी शाईच्या पॅडवर माझा अंगठा टेकवला आणि कागदावरचा ठसा शेजारी ठेवून पाहिला. रेषा जुळल्या. मामा गेल्यानंतर पेटी पहिल्यांदा उघडली तेव्हा मी पिस्तूल हातमोजे न घालता हातात घेतले होते, बराच वेळ धरून बसलो होतो आणि न पुसता परत ठेवले होते. ठसा आता काळा आणि स्थिर आहे, पण खाली पोलादात तो किंचित उतरला आहे. पट्टी घासल्याशिवाय तो जाणार नाही. पट्टीवर क्रमांकाचे दोन आकडे आहेत. म्हणून ती घासली जाणार नाही. मामांच्या वहीत पुढच्या पानावर मी तारीख घातली आणि काय केले ते क्रमाने लिहिले: पट्टी दोनदा उकळली, तेल, मेण, होल्स्टर वेगळे केले, डावी फळी आहे तशी, अंगठ्याचा ठसा माझा.